चित्रकाराच्या घरी पोऱ्या म्हणून लागतोयस? आधी हे वाच (फ्लॉरेन्स आणि आसपास, साल साधारण १४५० ते १५५०)

मागच्या वर्षी मी फ्लॉरेन्सला तीन महिन्यांचा एक कोर्स केला, अंड्याच्या बलकात रंग कालवून लाकडी फळीवर चित्र काढायचा, जुन्या पद्धतीने. फी दणदणीत. आणि पहिले सोळा दिवस ब्रश हातात दिलाच नाही! रंग वाटा, सरस उकळा, फळी घासा, भांडी विसळा, परत रंग वाटा. मी जाम वैतागले होते, एवढे पैसे भरून मोलकरणीचं काम करायला आलेय का असं घरी फोनवर बोलूनही झालं, मग हळूहळू कळलं की हा क्रम कोर्सवाल्यांनी मनाने काढलेला नाही, साडेपाचशे वर्षांपूर्वी याच गावात चित्रकारांकडे जी पोरं कामाला लागायची त्यांची सुरुवातही अशीच व्हायची. तेव्हापासून अशा पोरांबद्दल मिळेल ते वाचत सुटलेय. त्यातून हे लिहिलंय.

तर धरून चालू की तू अकरा-बारा वर्षांचा आहेस, साल १४८० च्या आगेमागे आहे आणि बापाने तुला एका चित्रकाराच्या घरी चिकटवलंय. मी हे फी भरून केलं, तू पोटासाठी करणार, तेव्हा माझ्या तक्रारी फार मनावर घेऊ नकोस.

मुलींनो, सॉरी, तुम्हाला (आणि मलाही) कामाच्या खोलीत कुणी घेतलं नसतं. चित्रकार स्वतःचा बाप असेल तर थोडीफार आशा, नाहीतर मुलगी स्वयंपाकघरात. आणि पैसेवाल्या घरांतल्या सगळ्या बायका पगारीही नसत, काळ्या समुद्राकडून विकत आणलेल्या गुलाम बाया फ्लॉरेन्समध्ये १३६३ पासून कायद्याने ठेवता यायच्या. हे विसरून बाकीचं वाचू नका.

१. आधी ठरव: तू शिकायला चाललायस की कामाला?

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. दुकानात साधारण तीन शब्द ऐकू येतील. दिशेपोलो म्हणजे शिष्य. गार्झोने म्हणजे हाताखालचा पोरगा, यात शिकणाराही आला आणि पगारी मदतनीसही. फात्तोरीनो म्हणजे आपला पोऱ्या, हे आण ते दे वाला. रोजच्या कामात तिघंही झाडूच मारतात, त्यामुळे दिसायला फरक शून्य. पण दोन वर्षांनी तुला चित्राला हात लावायला मिळणार की अजून पाणीच भरायचं, हे या शब्दावर ठरतं.

पोऱ्या म्हणून लागला म्हणजे संपलं असं अजिबात नाही हां. पेरुजिनो, ज्याने पुढे रोमच्या सिस्टीन चॅपलच्या भिंती रंगवल्या, तो पेरुजा गावात एका चित्रकाराकडे फात्तोरीनो म्हणूनच लागला होता, असं वसारी सांगतो. हा वसारी स्वतः चित्रकार, १५५० मध्ये त्याने सगळ्या कलाकारांची चरित्रं छापली, थोडं मीठमसाला लावतो पण दुकानातल्या गोष्टी भारी सांगतो.

उलटं उदाहरण मिकेलांजेलोच्या घरचं. तो रोममध्ये एकटा, घर सांभाळायला पोरगा हवा म्हणून फ्लॉरेन्सहून एक मागवला. पोरगा आला आणि म्हणाला मला वेळ घालवायचा नाही, मला शिकायचंय. निघताना म्हणे दिवसाचे दोन-तीन तास पुरतील म्हणाला होता, आता अख्खा दिवस पुरेना, रात्रीही चित्रं काढायचीत! मिकेलांजेलोने बापाला पत्र लिहून त्या पोराला जी शिवी हासडलीय ती मी इथे टाइप करू शकत नाही, आणि याला परत न्या म्हणून सांगितलंय. वाचताना मला पोराचीच बाजू पटली. पण चूक मधल्या माणसांची, कुणीच नीट बोलून घेतलं नव्हतं. तू बोलून घे.

२. कागद करून घे आणि कुणाकडून तरी वाचून घे

लागणाऱ्या गोष्टी:
– बाप किंवा काका-मामा, सहीला (तू अज्ञान म्हणजे अल्पवयीन आहेस, तुझी सही चालत नाही)
– नोटरी, किंवा निदान मालकाच्या हिशेबाच्या वहीत स्पष्ट नोंद
– किती वर्षं, किती पैसे, आणि पैसे कोण कुणाला देणार

शेवटचं वाक्य हसण्यावारी नेऊ नकोस. मिकेलांजेलोला बापाने १ एप्रिल १४८८ ला गिर्लांदायो या चित्रकाराकडे ठेवला तेव्हा पोरगा तेरा वर्षांचा होता आणि ठरलं तीन वर्षांचं, पहिल्या वर्षी ६ फ्लोरिन (सोन्याचं नाणं), दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी १०, म्हणजे इथे मालकच पोराला देतोय. आणि पादुआमध्ये १४६७ साली स्क्वार्चोने नावाच्या चित्रकाराने एका पोराला शिकवायचं कबूल केलं, तिथे पोराचा बाप महिन्याला अर्धा दुकात (हेही सोन्याचं नाणं) भरणार. त्या करारात काय काय शिकवणार तेही लिहिलंय, जमिनीच्या रेषा कशा आखायच्या, त्यावर माणसं कुठे कशी उभी करायची वगैरे, आणि खाली बारीक अट: माझं एखादं रेखाटन पोराने खराब केलं तर भरपाई बापाने द्यायची. हे आपल्या क्लासवाल्यांना दाखवू नका, नवीन आयडिया मिळेल.

सापळा पहिला: दत्तक. हाच स्क्वार्चोने हुशार पोरांना दत्तक घ्यायचा. ऐकायला किती छान, पण मुलगा म्हटला की पगार कसला मागतोस? पुढे मोठा चित्रकार झालेला मांतेन्या असाच अडकला होता, सतराव्या वर्षी बाहेर पडला आणि स्क्वार्चोनेशी केलेला १४४८ चा करार शेवटी १४५६ मध्ये व्हेनिसच्या कोर्टात रद्द झाला, सही केली तेव्हा तो अज्ञान होता या मुद्द्यावर. आठ वर्षं गेली त्यात. तेव्हा मालक फारच प्रेमाने ‘तू मला मुलासारखा’ म्हणाला तर बापाला बोलावून घे.

सापळा दुसरा: वेळ. नेरी दि बिच्ची नावाच्या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने १४५३ ते १४७५ पर्यंत कामाची वही ठेवलीय, त्यात एका पोराच्या अटी अशा की मी म्हणेन तेव्हा यायचं, दिवसा असो रात्री असो, गरज पडली तर सणालाही, आणि खाडा केला तर तो भरून द्यायचा. म्हणजे तासांचा हिशोब विसर.

सापळा तिसरा: तारीख. फ्लॉरेन्समध्ये नवीन वर्ष २५ मार्चला लागतं. कागदावर १० मार्च १४८० दिसलं तर आपल्या हिशेबाने ते १४८१ असतं. वर्ष कधी भरतं हे बोटं मोजून विचारून ठेव.

आणि पैशाचं गणित: १ लिरा म्हणजे २० सोल्दी, म्हणजे २४० देनारी. जुन्या लोकांना रुपये-आणे-पै आठवत असतील, तसंच. फ्लोरिन सोन्याचा, त्याचा लिऱ्यातला भाव वरखाली होतो. पगार फ्लोरिनमध्ये ठरतो आणि बाजारात सोल्दी लागतात, मध्ये कापला जातोस तू.

३. कपडे मालकाच्या माथी मार

जमलं तर कपडेलत्ते मालकाने द्यायचे असं ठरव. एका पोराला वर्षाला काय लागतं याचा हिशोब लिओनार्दो दा विंचीने मिलानमध्ये लिहून ठेवलाय. २२ जुलै १४९० ला त्याच्याकडे दहा वर्षांचा जाकोमो राहायला आला (पुढे सगळे त्याला सलाई म्हणायला लागले, म्हणजे छोटा सैतान). पहिल्या वर्षाचा खर्च: एक झगा २ लिरे, सहा सदरे ४ लिरे, तीन जाकिटं ६ लिरे, चार जोड्या पायमोजे-विजारी ७ लिरे ८ सोल्दी, आणि बूट चोवीस जोड! चोवीस. महिन्याला दोन. पातळ तळ, दगडी रस्ते आणि दिवसभर पळापळ, बुटांचं असंच होतं. तेव्हा घरून फार काही आणू नकोस, पण बुटांचं आधी बोल.

४. पहिला दिवस

हे पटकन सांगते. दुकान तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, तिच्या फळ्या सकाळी तू उघडायच्या. झाड, पाणी आण, चूल पेटव. झोपायला मिळेल ती जागा, पेरुजिनो फ्लॉरेन्सला आला तेव्हा पलंग नव्हता म्हणून कित्येक महिने एका पेटीत झोपला म्हणे. घड्याळाने गोंधळू नकोस, इथे तास सूर्यास्तापासून मोजतात, दिवस मावळला की एक-दोन सुरू. रंगकाम उजेडातच होतं, अंधार पडला की जेवण, आवराआवर, आणि मालक चांगला असेल तर दिव्याखाली रेखाटन.

५. वाटण

ही खरी नोकरी. पाटा-वरवंटा डोळ्यासमोर आण, फक्त पाटा पोर्फिरीचा, लालसर, भयंकर कडक दगड, आणि वरवंटा उभा, खालून सपाट, मुठीत धरायचा. रंगाची पूड, थोडं पाणी, आणि गोल गोल. मी पहिल्या दिवशी पिवळा गेरू वाटला, अर्ध्या तासाने विचारलं झालं का, बाईंनी बोटात चिमूट घेऊन कानाजवळ चोळली आणि म्हणाल्या अजून आवाज येतोय. चौथ्या दिवशी मनगट सुजलं तेव्हा कळलं की मी हाताने वाटत होते, खांद्याने वाटायचं असतं. हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून सांगतेय.

आता महत्त्वाचं: सगळे रंग सारखे वाटायचे नसतात, आणि हे समजलं की तू पोऱ्याचा शिष्य व्हायला लागलास. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने सगळी कृती लिहून ठेवलीय, त्यात तो म्हणतो हिंगूळ (लाल रंग) रोज वाटत वीस वर्षं बसलास तरी दर दिवशी आणखी चांगलाच होत जाईल. वीस वर्षं! उलट अझुराइट नावाच्या दगडाचा निळा जास्त वाटलास तर राखाडी पडतो, मेला, संपला, त्याला हलक्या हाताने. हरताळ (पिवळा रंग) वाटणं म्हणजे शिक्षाच, निसटत राहतो, त्यात फुटक्या पेल्याची थोडी काच टाकून वाट म्हणजे सापडतो. आणि तोंडाला लावू नकोस, विष आहे, खरोखरचं, त्यात आर्सेनिक असतं. आपल्याकडे पोथीत अक्षर चुकलं की त्यावर फासायचे तोच हा हरताळ, ‘हरताळ फासला’ म्हणतो ना आपण, तो. सफेत्यात शिसं, तोही पोटात नको. नखं कापलेली ठेव, जेवणाआधी हात धू, हे त्या काळात फार कुणी बजावणार नाही.

वाटून झालं की पाण्याखाली, झाकण लावून. धूळ गेली की परत पहिल्यापासून.

आणि किती वर्षं हे? चेन्निनीचा हिशोब: एक वर्ष नुसतं रेखाटन, मग सहा वर्षं वाटण-सरस-फळ्या-सोनं, मग सहा वर्षं रंगवणं. म्हणजे तेरा. आणि मिकेलांजेलोच्या कागदावर तीन. तुझं यांच्या मध्ये कुठेतरी बसेल.

६. सरस, अंडी आणि जेवणाच्या टेबलाखालची हाडं

सरस बकऱ्याच्या चामड्याच्या कातरणांचा. धू, भिजव, उकळ, पाणी एक तृतीयांश उरेपर्यंत. थंडीत कर, उन्हाळ्यात सडतो. वास असा की आमच्या वरच्या मजल्यावरच्या आज्जीबाई खाली येऊन इटालियनमध्ये काहीतरी लांबलचक बोलून गेल्या, बरं झालं समजलं नाही. फळीवर याच सरसात कालवलेल्या जिप्समची पुटं चढतात. बारीक पुटासाठी जिप्सम महिनाभर पाण्यात ठेवून रोज ढवळायचं असतं, आणि रोज म्हणजे रोज, एक दिवस विसरलास तर खाली दगड होतो आणि त्या दगडावर तुझं नाव.

अंडी: गावातल्या कोंबडीचा बलक फिका, तो तरुण चेहऱ्यांना. खेड्यातल्या कोंबडीचा लालसर, तो म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्यांना. बाजारात विचारून घे, उगाच सगळी एकसारखी आणू नकोस. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो, तेव्हा अंडं खायचं नाही पण रंगात चालतं. दिवसभर बलक फोडायचे आणि जेवायला डाळी-कोबी, हा छळ आहे, मान्य.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. जेवण झालं की टेबलाखाली कोंबडीची हाडं पडलेली असतात, ती गोळा करणं तुझं काम. फेकू नकोस! मांडीची आणि पंखाची हाडं वेगळी काढ, जितकी जुनी तितकी चांगली, विस्तवात टाक, राखेपेक्षा पांढरी झाली की काढ आणि दोन तास वाट. ही पूड घेवड्याच्या अर्ध्या दाण्याएवढी किंवा त्याहून कमीच घ्यायची, थुंकी लावायची (हो, थुंकीच) आणि वीतभर लाकडी फळीवर पातळ पसरायची, वाळली की त्यावर चांदीच्या टोकाच्या लेखणीने रेघ उमटते. पुसून परत लावता येते. म्हणजे ही तुझी पाटी. कागद महाग, मालक देणार नाही, पण खरकटं काढणाऱ्याला पाटी फुकट आहे आणि ती घरात दुसऱ्या कुणालाच नकोय. मी कोर्सला हे केलं तेव्हा सोळा दिवसांचा राग गेला माझा.

७. बाजारहाट

रंग औषधवाल्याकडे मिळतात, आपल्या काष्ठौषधीच्या दुकानासारखं दुकान, एकाच फळीवर मिरी, जुलाबाचं औषध आणि हिंगूळ. चित्रकारांचा संघही तिथे डॉक्टर-औषधवाल्यांच्या संघातच मोडतो. पुडीवर लिहिलेलं वाचता येत नसेल तर रंग डोळ्याने ओळखायला शीक.

वाचता न येणाऱ्यांनी घाबरू नये. मिकेलांजेलोने १५१८ च्या मार्चमधल्या एका पत्राच्या मागे जेवणाची यादी केलीय आणि प्रत्येक वस्तूशेजारी तिचं चित्र काढलंय, पाव, हेरिंग मासा, चार छोटे मासे, पालक, बडीशेपेच्या कंदाच्या सुपाचे दोन वाडगे, वाइनचे जग. नोकराला अक्षर येत नव्हतं म्हणून, असं मानतात. ती यादी फ्लॉरेन्सला अजून जपलेली आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची शोधू नकोस, ते १४८० मध्ये अजून समुद्रापलीकडे आहेत. मला तर मिरचीवाचून तीन महिनेही कठीण गेले.

८. मालक कसा निघेल सांगता येत नाही

चित्रकार पिएरो दि कोजिमो: सरस उकळताना त्याच विस्तवावर पन्नास-पन्नास अंडी उकडून ठेवायचा, टोपलीत, आणि दिवसभर तेवढंच खायचा. अशा घरात स्वयंपाक कमी पण पोरांचं रडणं, खोकला, घंटा, कशाचाच आवाज त्याला सहन होत नाही, तेव्हा दबकून. पोंतोर्मो, हाही चित्रकार: वरच्या खोलीत लाकडी शिडीने चढायचा आणि शिडी वर ओढून घ्यायचा. म्हातारपणी त्याने रोजनिशी ठेवली, आज किती पाव खाल्ला, किती अंडी, पोट कसं आहे. त्यात बातिस्ता या हाताखालच्या पोरावर एक नोंद आहे, मी आजारी आहे हे माहीत असून हा रात्री घरी आला नाही, हे मी कायम लक्षात ठेवीन. मालक लिहिता येणारा असेल तर जरा जपून! दोनातेल्लो मूर्तिकार, पण पोरांना स्वर्ग: पैसे छताला टांगलेल्या टोपलीत, लागतील तसे घ्या. असा मिळाला तर सोडू नकोस.

९. चोरी

करू नकोस म्हणून ऐकणार नाहीस, तेव्हा निदान काय होतं ते बघ. सलाईने दुसऱ्याच दिवशी कपड्यांसाठी ठेवलेले पैसे उचलले. ७ सप्टेंबरला घरातल्या मार्कोची २२ सोल्दी किमतीची चांदीची लेखणी. पुढच्या एप्रिलमध्ये जोवान्नी आंतोनियोची लेखणी. बुटांसाठी आलेलं तुर्की चामडं २० सोल्दीला विकलं आणि बडीशेपेच्या गोळ्या खाल्ल्या. लिओनार्दोने समासात चार शब्द लिहिलेत, चोर, खोटारडा, हट्टी, खादाड, आणि तरी घराबाहेर काढलं नाही. पण तो लिओनार्दो होता आणि तो सलाई. तू या दोघांपैकी कुणीही नाहीस.

निळ्याला मात्र चुकूनही हात लावू नकोस. लाजवर्दापासून काढलेला अस्सल निळा, दगड अफगाणिस्तानच्या बदख्शानहून येतो, पहिल्या धारेचा औंसाला ८ दुकात असा चेन्निनीचा भाव. मिकेलांजेलोचा पहिल्या वर्षाचा अख्खा पगार ६ फ्लोरिन, आणि दुकात-फ्लोरिन जवळपास सारखेच. गिऱ्हाईक तो स्वतः देतं आणि बसून बघतं. एका मठाच्या प्रमुखाचा असाच पहारा होता पेरुजिनोवर, हा वैतागून दर दोन फटकाऱ्यांनी ब्रश पाण्यात बुडवत राहिला, शेवटी भांड्याच्या तळाला साठलेला निळा काढून त्याच्या हातात दिला. तुझ्यासाठी यातला मुद्दा एवढाच: ब्रश धुतलेलं पाणी गटारात ओतायचं नाही. खाली बसू दे, वरचं काढ, मालकाला दाखव.

१०. उभं राहायला सांगितलं तर

मॉडेल पगाराने आणत नाहीत, तूच मॉडेल. आज देवदूत, उद्या झोपलेला शिपाई, आणि मेरीमाताही, पोरांना उभं करून तिची रेखाटनं केलेली आहेत. हातात काठी दिली तर टेकून घे, पाय लवकर भरून येतात. पण डोळे उघडे ठेव, मालकाचा हात इतक्या जवळून एरवी बघायला मिळत नाही.

११. निघताना

मुदत भरली की हिशोब चुकता झाल्याची नोंद वहीत करून घे, बाप सोबत असू दे. टिकून राहिलास तर म्हातारपणी काहीतरी मिळूही शकतं, लिओनार्दोने १५१९ च्या मृत्युपत्रात मिलानची द्राक्षबाग अर्धी सलाईला आणि अर्धी बातिस्ता दे विलानिस या नोकराला दिली. स्वयंपाक करणाऱ्या मातुरीनला अस्तर लावलेला काळा झगा आणि २ दुकात. बाग आणि झगा, फरक बघून घे.

सामान बांधताना हे तपास: मालकाची रेखाटनं चुकून गुंडाळीत आलेली नाहीत ना (पादुआची अट आठव), बूट शेवटच्या महिन्याचे मिळालेत ना, हाडाची पूड पुडीत घेतलीस ना. आणि खिशात चांदीची लेखणी असेल तर नीट बघ, ती तुझीच आहे की मार्कोची.